पाणी कोण भरत होतं?

मागच्या एप्रिलमध्ये हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमध्ये बसून मी आमच्या वाशिमच्या गल्लीवर एक पोस्ट लिहिली. पाच फोटो आणि खाली चारशे शब्द. जुन्या गावातलं आमचं धाब्याचं घर, दारापुढचा ओटा, उन्हाळ्यात रात्री धाब्यावर टाकलेल्या सतरंज्या. लोडशेडिंग झालं की सगळी गल्ली ओट्यावर यायची ते. २०११ च्या वर्ल्डकप फायनलला एका टीव्हीसमोर बसलेले चाळीस जण. कोणाच्याही घरात चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरापर्यंत जायची मुभा. आणि शेवटचं वाक्य, जे अशा प्रत्येक पोस्टचं असतं: आता फ्लॅट आहे, एसी आहे, पण ते सुख नाही.

पोस्ट चालली. गावाकडचे, पुण्यातले, एक जण तर थेट टेक्सासमधून, सगळे खाली रडक्या इमोजींची रांग लावून गेले. रात्री आईची व्हॉइस नोट आली.

"वाचलं बाप्पा. बेस लिवलं. पन पानी कोन भरे रे? त्याचं कायीच नाही त्यात."

अकरा सेकंदांची नोट. मी हसलो, हार्ट टाकला आणि झोपलो. पण आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'हॅपी पाथ'. प्रोग्राम लिहिणारा आधी तोच रस्ता तपासतो, ज्यावर सगळं सुरळीत होतं: युजर बरोबर पासवर्ड टाकतो, नेटवर्क चालू असतं, पैसे कटतात, पावती येते. मग टेस्टर येते आणि विचारते, मधेच नेट गेलं तर? त्या रात्री माझ्या लक्षात आलं की मी चारशे शब्दांचा हॅपी पाथ लिहिला होता आणि माझी आई टेस्टर निघाली होती.

हा लेख त्या अकरा सेकंदांचं उत्तर आहे. आणि तो माझ्या पिढीच्या, म्हणजे गावात वाढून पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्या, फोनवर गावाच्या रील्स बघून डोळे ओले करणाऱ्या सगळ्यांच्या विरोधात आहे. त्यात पहिला मी.

आधी पाण्याचा हिशोब

वाशिम शहराला पाणी येतं एकबुर्जी प्रकल्पातून. पाऊस बरा झाला तर ठीक, नाही झाला तर उन्हाळ्यात तळ दिसायला लागतो आणि दोन नळांमधले दिवस लांबत जातात. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत नळ चार दिवसांनी यायचा, मे महिन्यात आठ-दहा दिवसांनी. वेळ नक्की नाही. रात्री दोनला आला तर रात्री दोनला.

माझ्या पोस्टमध्ये यातलं एक वाक्य होतं: "नळ आला रे, अशी आरोळी आली की गल्लीत जत्रा भरायची." जत्रा! मी आरोळी ठोकणारा होतो. नऊ वर्षांचा, चड्डी सावरत पळणारा. आरोळी ठोकून माझं काम संपायचं.

त्यानंतर काय व्हायचं ते मी आईला पहिल्यांदाच विचारलं. प्रेशर इतकं कमी की नळ ओट्याच्या खाली खड्डा करून त्यात बसवलेला. त्या खड्ड्यात उकिडवं बसून गुंड भरायचा. गुंडात साधारण पंधरा लिटर पाणी मावतं. तो काखेला मारून दोन पायऱ्या चढायच्या, ओसरी ओलांडून न्हाणीतल्या टाक्यापर्यंत जायचं, ओतायचं, परत यायचं. सात माणसांचं घर, चार दिवसांचं पाणी. चाळीस खेपा तर ठरलेल्या. चाळीस गुणिले पंधरा म्हणजे सहाशे लिटर, म्हणजे सहाशे किलो, एका रात्रीत, एका बाईनं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा डबा तयार असायचा.

वर कोणीतरी टिल्लू पंप लावला की खालच्या घरांचं पाणी तुटायचं. मग भांडणं. माझ्या पोस्टमध्ये ज्या दोन काकूंचा उल्लेख 'एकमेकींच्या घरची भाजी ओळखणाऱ्या' असा होता, त्या टिल्लू पंपावरून अडीच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. हेही मला आईनंच सांगितलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. पोरांना माहीत नव्हतं, कारण पोरं झोपलेली असायची.

आई आज छप्पन्न वर्षांची आहे. तिची कंबर आणि उजवा खांदा कामातून गेलेत. डॉक्टरांनी विचारलं, "काही जड उचलायचं काम केलंय का?" ती म्हणाली, "नाही, घरीच असते."

लोडशेडिंगचं चांदणं

या लिखाणाचा एक लाडका प्रसंग म्हणजे लोडशेडिंग. विदर्भात ज्यांचं बालपण दोन हजार पाच ते दहाच्या आसपास गेलं, त्यांच्या आठवणींत तो येतोच. लाइट गेली, लोक बाहेर आले, चांदणं पडलं, आजीनं गोष्ट सांगितली. काय दिवस होते!

माझी चुलत बहीण, मी तिला ताई म्हणतो, तेव्हा बारावीला होती. चांदण्यात फिजिक्स वाचता येत नाही. मेणबत्तीच्या उजेडात, पारा चाळीसच्या वर, पंखा बंद, डास आणि समोर इंटिग्रेशन. तिच्या आठवणीत त्या अंधाराला चांदणं नाही, मार्कांची यादी आहे. त्याच वेळी आई चुलीपुढे चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होती, कारण गॅस सिलिंडर पुरवून वापरायचा असायचा आणि घरातल्या माणसांची भूक लाइटीची वाट बघत नव्हती.

हीच ताई दुसऱ्या एका आठवणीतही आहे. माझ्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, "गल्लीत कोणाचंही पोर कोणाच्याही नजरेत असायचं, म्हणून आम्ही सुरक्षित होतो." ताई पाटणी चौकात क्लासमधल्या एका मुलाशी नोट्सबद्दल बोलत उभी होती. चौकापासून घरापर्यंत पायी दहा मिनिटं. ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. तीन वेगवेगळ्या तोंडांनी, तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांत. तिचं इंजिनीअरिंगसाठी बाहेरगावी जायचं ठरत होतं, ते थांबलं. गावातच बी.ए. आणि एकविसाव्या वर्षी लग्न. माझ्या वेळी कोणी काही विचारलं नाही. मी चौकात कोणाकोणाशी बोलत उभा असायचो याच्या बातम्या कधी घरी आल्या नाहीत, कारण मुलाच्या बाबतीत ती बातमीच नसते.

म्हणजे गल्लीची नजर होती, खरं आहे. ती मला सांभाळत होती आणि ताईला अडवत होती. आज मी त्या नजरेचं कौतुक लिहितो तेव्हा ताईला ते कसं वाचावं लागतं? तिनं माझी पोस्ट लाइक केली होती. मी तिला फोन करून विचारलं, का केलीस? ती म्हणाली, "तुझं आहे म्हणून केली."

कोनाड्यातला कप

आता ते सांगतो, जे सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

माझ्या पाच फोटोंपैकी एक फोटो ओसरीतल्या कोनाड्याचा होता. दिवा, काजळी, वर चुन्यात उमटलेली बोटं. सुंदर फोटो आहे. पण त्याच भिंतीत, दाराच्या बाहेरच्या अंगाला, आणखी एक लहान कोनाडा होता. त्यात एक कान तुटलेला कप आणि एक जर्मनची ताटली असायची. नाली काढायला जी बाई यायची, तिच्यासाठी. चहा वरून ओतायचा. पिऊन झाला की तिनं तो विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. तिचं नाव मला माहीत नाही. वीस वर्षं ती आमच्या दारात येत होती आणि 'कोणाच्याही घरात चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरापर्यंत जायची मुभा' असं मी बिनदिक्कत लिहून टाकलं.

कोणाच्याही म्हणजे कोणाच्या? आमच्या गल्लीत साधारण सारख्या जातींची घरं होती. वळणापलीकडे दुसऱ्या जातीची, नालीपलीकडे तिसऱ्या. त्यापलीकडचे मोहल्ले वेगळे. जुन्या गावांची रचनाच अशी आहे; वेस, पेठ, पुरा, वाडा ही नावं ऐकायला गोड लागतात, पण ती कोणी कुठे राहायचं याचीही यादी होती. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्यांच्या कौतुकावर जो घणाघात केला होता, तो शाळेत आपल्याला कोणी शिकवला नाही. त्यांचा रोख या गोडव्यावरच होता: लांबून स्वयंपूर्ण आणि सुखी दिसणारी वस्ती आतून संकुचितपणा आणि जातीयता पोसते. त्याआधी एकवीस वर्षं, २० मार्च १९२७ ला, ते महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले होते. या महाराष्ट्रात 'पाणी कोण भरत होतं' या प्रश्नाला जोडून 'पाणी कोणाला भरू देत नव्हते' हा प्रश्न नेहमीच राहिला आहे. माझ्या पोस्टमध्ये दोन्ही नव्हते.

मैला उचलायला लावणं आणि तसे संडास बांधणं याला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये नवा करावा लागला. जुन्या घरांच्या मागे जी अरुंद बोळं असतात, ज्यांचे फोटो आपण 'व्हिंटेज' म्हणून टाकतो, ती कशासाठी ठेवलेली होती हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ते सांगतील, पण आवाज खाली करून.

सोडून गेलेल्यांचा आजार

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द कुठून आला ते शोधलं तेव्हा गंमत वाटली. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं तो बनवला, तोही एका रोगाचं नाव म्हणून. घरापासून लांब राहणारे लोक, विशेषतः परमुलखात भाडोत्री सैनिक म्हणून गेलेले स्विस, घराच्या आठवणीनं आजारी पडायचे. म्हणजे हा आजार पहिल्यापासून निघून गेलेल्यांचा आहे. पगारासाठी दुसऱ्याच्या मुलखात काम करणाऱ्या पोरांचा. हिंजवडीच्या बसमध्ये बसणाऱ्याला हे नीट समजतं.

आईला तो कधी झाला नाही. ती तिथेच आहे. तिला त्या घराबद्दल प्रेम आहे, राग आहे, कंटाळा आहे, पण हुरहूर नाही. हुरहुरीसाठी अंतर लागतं.

आणि अंतर असलं की आठवण उसनीही घेता येते. मराठीत वाड्यांचं आणि चाळींचं कौतुक पुण्या-मुंबईनं इतकं लिहून ठेवलंय की वाशिमचा पोरगाही आपल्या धाब्याच्या घराला 'वाडा' म्हणायला लागतो. आमचं घर वाडा नव्हतं. मातीचं होतं. दर पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकावी लागायची, नाही टाकली तर घरभर पातेली मांडायची. पण मी पोस्टमध्ये 'आमचा वाडा' लिहिलं, कारण 'धाब्याचं घर' लिहिलं तर पुण्यातल्या मित्रांना ढाबा वाटला असता.

तसंच इतिहासाचं. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आम्ही छाती फुगवून सांगतो. खरंच आहे ते. अजिंठ्याचं सोळावं लेणं हरिषेण वाकाटकाच्या मंत्र्यानं, वराहदेवानं, कोरवून घेतलं आणि तो हरिषेण वत्सगुल्म शाखेचा. भोसल्यांच्या काळात भवानी काळूंनी बांधलेलं बालाजी मंदिर आजही गावाच्या मध्यावर आहे, पद्मतीर्थ आहे. इंग्रजांच्या काळात वाशिम जिल्हा होता, १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. मी आणि माझा जिल्हा जवळजवळ एका वयाचे. २०१८ मध्ये केंद्रानं देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी काढली, 'आकांक्षित जिल्हे' असं गोड नाव देऊन. त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजधानीची पोस्ट मी चार वेळा शेअर केली आहे. या यादीची एकदाही नाही.

निरुपद्रवी नाही

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, अरे बाबा, एक पोस्ट टाकली, चार लोकांना बरं वाटलं, त्यात एवढं काय? आठवणींवरही आता ऑडिट लावणार का?

सांगतो काय ते. आमचं ते घर विकायचं की नाही हा प्रश्न तीन वर्षं घरात लोंबकळत होता. आईला लाखाळ्याकडे नवीन वस्तीत लहान घर हवं होतं. पायऱ्या नसलेलं, आत बोअर असलेलं, संडास घराला लागून असलेलं. बाबांचं मत अर्धं-अर्धं. काका तयार होते. विरोध कोणाचा होता? माझा. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि एखाद्या लग्नाला, चार दिवस जाणाऱ्या माझा. व्हिडिओ कॉलवर मी सांगत होतो, "घर विकायचं नाही, आपल्या आठवणी आहेत तिथे." आणि मी कमावता मुलगा असल्यामुळे माझं चाललं. तीन वर्षं चाललं. त्या तीन वर्षांत माझी आई माझ्या आठवणी सांभाळायला खड्ड्यातल्या नळावर उकिडवी बसत होती.

आता या घटनेला कोणी निरुपद्रवी म्हणून दाखवावं.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हा 'चाळ संस्कृती संपली' म्हणून किती लेख, किती रील्स आल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चाळींत खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. निघताना लोक रडले असतील, साहजिक आहे, आयुष्य गेलं होतं तिथे. पण संस्कृती वाचावी म्हणून कोणी चावी परत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. रात्री तीन वाजता मजल्याच्या टोकाला संडासला जाणाऱ्या बाईला विचारून चाळ संस्कृतीवर लेख लिहिला असता, तर तो वेगळा झाला असता.

पण माणुसकी?

सगळ्यात जोरात येणारा मुद्दा हा. तेव्हा माणसं एकमेकांची होती, आता शेजारी मेला तरी वासानं कळतं.

यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. आजी गेली तेव्हा दहा दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही आणि एकही माणूस उपाशी राहिला नाही. गल्लीतून डबे येत होते. बाबांचा अपघात झाला तेव्हा त्यांना अकोल्याला नेणारी गाडी शेजारच्या काकांची होती आणि पेट्रोलचे पैसे त्यांनी आजवर घेतले नाहीत. हिंजवडीच्या माझ्या सोसायटीत चारशे फ्लॅट आहेत आणि माझ्या मजल्यावरच्या तिघांची नावं मला दारावरच्या पाट्यांवरून माहीत आहेत. मला ताप आला तेव्हा ब्रेड एका ॲपनं दिला, औषध दुसऱ्या ॲपनं. एकटेपणा खोटा नाही.

पण दोन गोष्टी विचारतो. ते दहा दिवसांचे डबे कोणी केले? आपलं घरचं सगळं करून वरून आमच्या सात माणसांचं कोणी रांधलं? आपण ज्याला गल्लीची माणुसकी म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा बायकांच्या बिनपगारी श्रमाचा होता. माणुसकी होतीच, पण तिचं बिल एकाच बाजूला जात होतं. दुसरं, हे डबे नालीपलीकडच्या घरी कोणी मेलं तर जात होते का? मला एकही आठवत नाही. आईलाही आठवत नाही. तिनं बराच वेळ विचार केला आणि मग विषय बदलला.

आणि आता या सगळ्यातला मला सर्वांत टोचणारा भाग. आम्ही म्हणतो, ते दिवस गेले. सगळे नाही गेले. माझ्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आहे. पाटी लावलेली आहे, छान फॉन्टमध्ये. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी आठवण करून देतं की 'स्टाफ'नं बागेतल्या बाकांवर बसू नये. फ्लॅट भाड्यानं देताना आडनाव विचारतात आणि काय खाता ते विचारतात. मी तीन वर्षं त्या लिफ्टसमोरून जात होतो आणि मला त्यात काही ओळखीचं दिसलं नाही. कोनाड्यातला कप आठवल्यावर दिसलं. तोच कप आहे, आता त्याला बटणं आहेत.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. गुळगुळीत करून ठेवलेली आठवण आपल्याला आजचंही बघू देत नाही. गल्लीतलं चांगलं, म्हणजे हक्कानं दार वाजवणं, ते आपण तिथेच सोडून आलो. आणि गल्लीतलं वाईट न बोलता सोबत घेऊन आलो. मग रात्री रील बघून रडतो की चांगलं हरवलं.

मग करायचं काय?

आठवणी काढू नका, असं मी म्हणत नाही. मला त्या धाब्यावरच्या रात्री अजून आठवतात, बालाजीच्या देवळातल्या घंटेचा आवाज आठवतो, आणि त्या खऱ्या आहेत. माझं म्हणणं इतकंच की आठवण काढायची तर पुरी काढा. आपल्याला जी आठवत नाही, ती दुसऱ्याला विचारा.

मी या मे महिन्यात सुट्टी घेऊन दहा दिवस वाशिमला गेलो आणि ठरवलं की पाणी मी भरणार. पहिला नळ पहाटे साडेतीनला आला. अकराव्या गुंडाला माझ्या पाठीतून कळ गेली. मी जिमला जातो, हे लक्षात घ्या. सव्विसाव्या खेपेला मी ओसरीत बसलो. आईनं काही न बोलता गुंड उचलला आणि उरलेल्या खेपा पुऱ्या केल्या. सकाळी मी बाबांना सांगितलं, घर विकून टाका.

जुनं जपायला हवं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. धाब्याचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, नव्या स्लॅबचं भट्टी होतं, हे खरं आहे. ते बांधायची कला टिकावी असं मलाही वाटतं. पण मग दरवर्षी पांढरी माती टाकायला या, किंवा टाकणाऱ्याची मजुरी पाठवा. घरात पंप, टाकी आणि आत संडास बसवायचे पैसे द्या. आईला राहायला लावून स्वतः हुरहुरायचं, याला जतन म्हणत नाहीत.

आणि गावाबद्दल एवढं वाटतं तर गावाच्या रोजच्या कारभाराबद्दलही वाटू द्या. महाराष्ट्रात नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या होत्या, कितीतरी गावांत नगरसेवकच नव्हते. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. माझ्या पोस्टखाली 'मिस यू वाशिम' लिहिणाऱ्या किती जणांना आपला प्रभाग क्रमांक माहीत होता? मला नव्हता. माझं नाव अजून तिथल्याच यादीत आहे. ज्या गावाच्या आठवणीत मी दर रविवारी बुडतो, त्या गावाच्या पाइपलाइनबद्दल मी अठ्ठावीस वर्षांत एकही अर्ज केलेला नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, हे मी पुण्यातल्या सोसायटीच्या पाण्यासाठी शिकलो.

जुनी पोस्ट मी डिलीट केली नाही. तिच्याखाली स्वतःच एक कमेंट टाकली: नळाचा खड्डा, चाळीस खेपा, ताईचं थांबलेलं इंजिनीअरिंग, बाहेरच्या कोनाड्यातला कप. ताईचा भाग टाकण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, टाक, पण माझं नाव नको, गल्लीत अजून माणसं आहेत. त्या कमेंटला नऊ लाइक आले. टेक्सासवाल्यानं लिहिलं, "भाऊ, मूड घालवला."

घराचा व्यवहार दिवाळीनंतर होईल. सामान काढताना बाहेरच्या कोनाड्यात हात घातला. कप नव्हता, ताटली होती, गंजायची नाही म्हणून टिकलेली. आईला विचारलं, त्या बाईचं नाव काय होतं? आईनं कपाळाला आठ्या घातल्या. वीस वर्षं चहा ओतला होता तिनं. मग म्हणाली, "आपन विचारलंच नाही कधी."

नालीपलीकडच्या वस्तीत जाऊन मी विचारणार आहे. तुम्हीही तुमच्या पुढच्या पोस्टआधी एक फोन करा. फार काही नको, एवढंच विचारा की पाणी कोण भरत होतं.